गिळलेली चिठ्ठी

गिरजाबाई शिरसाठांच्या डब्याला विचारल्याशिवाय कोपरखैरण्याच्या त्या बैठ्या चाळीत मांजरसुद्धा व्यायची नाही, असं लोक म्हणायचे. लोक काय, वाढवून सांगतात. पण एक मांजर चार दिवस थांबली होती, हे मात्र खरं.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. आत पवित्र शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या, सुरळी करून उभ्या रोवलेल्या. तीनशे पासष्ट. नगरच्या मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या गिरजाबाईनं एका पावसाळ्यात बसून त्या स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या. कल्पना साधी होती. रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची, वाचायची, दिवसभर मनात घोळवायची. पण नगर-जालन्याकडून कारखान्यांत कामाला आलेल्या त्या बारा-पंधरा ख्रिस्ती घरांतल्या बायांना घोळवत बसायला वेळ कुठला? त्यांनी डब्याला सरळ प्रश्नच विचारायला सुरुवात केली. पोराला बालवाडीत घालू का? नवऱ्याला रात्रपाळी घेऊ देऊ का? दाराला हिरवा रंग देऊ का? भिमाबाईनं तर एकदा आज सुकट आणू की अंडी हेही विचारलं, आणि निघालं काय, तर संदेष्ट्याला कावळे भाकरी आणून देतात ते. त्या दिवशी भिमाबाईच्या घरी कोणी काही आणलं नाही. सगळे दुपारपर्यंत छपराच्या पत्र्याकडे बघत बसले.

चिठ्ठी कोणीही काढावी, पण वाचायचा मान गिरजाबाईचा. चष्मा लावायची, घसा साफ करायची, एकदा वर छपराकडे बघायची. त्या बघण्यातच बायांचा जीव अर्धा व्हायचा. आता पंचाईत अशी की लिहिताना शेवटी शेवटी वचनं सुचेनात म्हणून गिरजाबाईनं वंशावळीही उतरवल्या होत्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. त्यावरून दाराला रंग कुठला द्यायचा? मग ती जरा मदत करायची. देवाच्या तोंडात दोन शब्द आपले घालायची. आधी संकोचानं, मग सवयीनं, आणि नंतर नंतर तर तिला त्याची गोडीच लागली. सात वर्षं चाळीतली एकेक बाई तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. कुणाला आवडणार नाही?

हे एकाच माणसाला माहीत होतं. तिची सून अरुणा. ती दहावी झालेली. एकदा केर काढताना तिला खाली पडलेली चिठ्ठी सापडली, तिनं उलगडून बघितली, तर सासूनं सकाळी वाचून दाखवलेलं त्यात नव्हतंच. अरुणानं सुरळी करून चिठ्ठी परत डब्यात रोवली. सासूनं दारातून ते बघितलं. दीड वर्षं झालं, दोघी एका चुलीवर स्वयंपाक करत होत्या आणि त्या चिठ्ठीबद्दल बोलत नव्हत्या.

साल पंच्याऐंशी, जानेवारी महिना. भोपाळची बातमी येऊन दीड महिना झाला होता. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याला कारखान्यांची रांग होती आणि त्या रांगेत रोज काहीतरी वास यायचाच. आधी कोणी लक्ष देत नव्हतं. आता कोणी झोपत नव्हतं. दीड महिन्यात चाळ चार वेळा पळाली होती. एकदा तर कुणाचं तरी दूध करपलं म्हणून.

बुधवार होता. सकाळचे नऊ. पहिल्या पाळीची माणसं सातलाच कामावर गेलेली, गिरजाबाईचा मुलगा जयदेवही गेलेला. चाळीच्या टोकाच्या खोलीत बायांची प्रार्थना चालू होती. पाळकसाहेब ठाण्याहून महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या बुधवारी गिरजाबाईच पाळक. नऊ बाया, चार तान्ही पोरं. खुर्ची एकच, तिच्यावर अरुणा, आठवा महिना भरत आलेला.

गाण्याचं तिसरं कडवं चालू असताना अरुणा खोकली. मग भिमाबाई खोकली. मग वास आला. विहिरीत टाकतात ना ती पांढरी पावडर, तिचा. पण असा, की जणू कोणी पोतंच नाकात रिकामं करतंय. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि तेवढ्यात भोंगा वाजला. पाळी सुटायची वेळ नव्हती. भोंगा थांबेचना.

गिरजाबाईनं खिडकी किलकिली केली. बाहेर सगळं कोपरखैरणे पळत होतं, पश्चिमेकडे, खाडीकडे. कोणी कोंबड्या घेऊन, कोणी म्हातारीला सायकलवर बसवून. "गॅस सुटला, पिवळ्या चिमणीचा गॅस सुटला." "खाडीवर चला, पाण्यात गॅस मरतो." पिवळी चिमणी म्हणजे रस्त्यापलीकडचा कारखाना, सगळे त्याला तसंच म्हणायचे. जयदेवचा कारखाना त्याला लागूनच.

"आत्या, हे," अरुणा उठली. "हे तिथंच आहेत. मी गेटवर जाते."

"बस खाली."

"मी जाते म्हटलं ना."

"पोटात काय घेऊन चाललीस ते बघ आधी."

पुतळाबाईनं दाराला पाठ लावली. पुतळाबाई म्हणजे चाळीतली सगळ्यात धाडसी बाई. पाणी न देता निघालेल्या टँकरवाल्याची चावी तिनं काढून घेतली होती आणि तीन दिवस परकराच्या नाड्यात बांधून हिंडली होती. पण सात वर्षांत डब्याला विचारल्याशिवाय तिनं पाऊल उचललं नव्हतं.

"कोणी कुठं जायचं न्हाई," ती म्हणाली. "आधी डबा."

"पुतळे, वेळ नाही."

"वेळ न्हाई म्हणूनच. बसायचं का पळायचं, आणि पळायचं तर कुठं, ते आपल्याला काय कळतं? काढा चिठ्ठी."

पोरांच्या नाकावर पदर दाबून बाया गोल उभ्या राहिल्या. पुतळाबाईनं डोळे मिटले, डब्यात बोटं घातली, एक सुरळी ओढली आणि गिरजाबाईच्या हातात दिली.

गिरजाबाईनं चष्मा लावला. काच पाण्यानं भरली होती, पदरानं पुसली. चिठ्ठी उलगडली. तिचंच अक्षर. लोक समुद्राच्या काठाशी अडकलेत, मागून फौज येतेय, आणि मोशे त्यांना सांगतो की उगे राहा, देव काय करतो ते बघा. त्या अर्थाचं.

उगे राहा.

हे वाचलं तर या बाया इथंच बसतील. गाणी म्हणत बसतील, आणि पुतळाबाई दार सोडणार नाही. आणि एखादीच्या कानात समुद्र तेवढा शिरला, तर ती विचार न करता खाडीकडे पळेल. दुसरं काहीही वाचता आलं असतं. ऊठ, पळ, डोंगराकडे जा, अशी वचनं शास्त्रात ढिगानं आहेत. जीभ उचलायची फक्त. सात वर्षं उचललीच होती.

ती छपराकडे बघायला गेली आणि मध्येच तिची नजर अरुणावर पडली. अरुणा नाकावर पदर धरून तिच्याकडे बघत होती. तिला माहीत होतं आता काय होणार. त्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट होतं. नेहमीचं एक काम सासू करतेय, तर करू दे, एवढंच.

आणि गिरजाबाईला कळलं की हिला आणि हिच्या पोटातल्याला आपण कुठल्यातरी रस्त्यावर नेणार, आणि तो रस्ता चुकला तर आपण म्हणणार, देवानं सांगितलं होतं. देवाच्या पाठीमागे लपणार. आणि रस्ता बरोबर निघाला तरी पुढच्या वळणावर या सगळ्या थांबणार आणि म्हणणार, काढा चिठ्ठी.

"वाचा की," भिमाबाई रडकुंडीला आली होती.

गिरजाबाईनं चिठ्ठीची घडी घातली, तोंडात टाकली आणि गिळली.

ती सहज गेली नाही. वहीचा कागद, वर शाई. घशात अडकली, डोळे पांढरे झाले, भिमाबाईनं पाठीत धपाटा घातला तेव्हा खाली उतरली.

खोलीत तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबली.

पुतळाबाईनं मान पुढं काढून तिच्या तोंडात बघितलं. "तू वचन खाल्लंस?"

"खाल्लं. आणि आता ऐका, एकदाच सांगते. सात वर्षं मी जे वाचत होते, त्यातलं निम्मं माझ्या पदरचं होतं. देवाचं नव्हतं. तुम्ही विचारत होता आणि मला सांगायला आवडत होतं. तो डबा रोज सकाळी वाचायला होता, रस्ता विचारायला नव्हता. तो गुन्हा माझा, त्याची शिक्षा मला मग द्या. आत्ता दार सोड."

पुतळाबाई दार सोडेना. "निम्मं कोणतं?"

"पुतळे..."

"माझ्या वैजूचं स्थळ? त्या मनमाडच्या पोराला नको म्हणालो आपण, ते?"

वैजू म्हणजे तिची वैजयंती, वाशीला दवाखान्यात नर्स होती. एकोणतीस वर्षांची, अजून बिनलग्नाची. पुतळाबाई रोज रात्री तिच्यासाठी गुडघे टेकायची, हे चाळीला माहीत होतं.

बाहेर कोणीतरी ओकत होतं. भोंगा चालूच होता. खोटं बोलायला याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा आली नसती.

"ते बी," गिरजाबाई म्हणाली.

पुतळाबाईचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं, बसली आता. पण तेवढ्यात अरुणा खोकत खोकत खुर्चीवरून घसरली, पोटाला हात लावून जमिनीवर बसली, आणि पुतळाबाईचा वर गेलेला हात कडीवर पडला. तिनं दार उघडलं.

"चला," ती म्हणाली. "पण पुढं ही एकटी न्हाई. मी बी बघणार. जिथं मला पटणार न्हाई तिथं मी थांबणार."

"थांब. तेच पाहिजे."

माठातलं पाणी सगळ्यांच्या पदरावर ओतलं. पोरांची तोंडं ओल्या फडक्यांत गुंडाळली. अरुणाला एका बाजूनं गिरजाबाईनं धरलं, एका बाजूनं भिमाबाईनं. दाराबाहेर आल्यावर गिरजाबाई क्षणभर उभी राहिली. गर्दी डावीकडे खाडीच्या बाजूला वाहत होती, आणि गर्दीत उभं राहिलं की पाय आपोआप तिकडेच ओढतात. तिलाही वाटलं, एवढी माणसं चुकतील का?

"बापा," ती पुटपुटली, "मी चुकले तर ते माझ्यावर घे, या पोरीवर नको." एवढीच प्रार्थना. आमेनसुद्धा म्हणाली नाही. आणि डोळे उघडे ठेवून म्हणाली, हे तिचं पहिल्यांदाच झालं असेल.

उघड्या डोळ्यांना दिसलं ते असं. संक्रांतीचा एक पतंग विजेच्या तारेला अडकला होता, त्याची कागदी शेपटी सरळ आडवी ताणली होती आणि तिचं टोक खाडीकडे होतं. दोरीवरची लुगडी खाडीकडे फुगली होती. म्हणजे वारा डोंगराकडून येतोय आणि खाडीकडे चाललाय, आणि ही सगळी माणसं वाऱ्याच्या पुढं पळतायत.

गर्दीच्या उलट्या बाजूनं एक म्हातारा येत होता, खांद्यावर फावडं, तोंडावर ओला पंचा. मिठागरावर काम करणारा दादू. गावातला जुना माणूस. तो हातानं लोकांना अडवत होता आणि लोक त्याला ढकलून जात होते.

"दादूबाबा, कुठं जायचं?" गिरजाबाईनं त्याची बाही धरली.

"खारीवर नका जाव," तो धापा टाकत म्हणाला. "सकालचा वारा डोंगरावरना उतरतंय. गॅस जड हाय, खालीच बसनार. आमी धुकं बगतो ना रोज, सगला खारीवर जाऊन साचतंय. आडवं जा. बोनकोड्याला."

"तुम्ही सांगितलं नाही कोणाला?"

"सांगतंय तं. कोन आयकतंय?"

गिरजाबाईनं पुतळाबाईकडे बघितलं. पुतळाबाईनं वर पतंगाकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे, मग पळणाऱ्या गर्दीकडे.

"हा म्हातारा मीठ पिकवतो," ती शेवटी म्हणाली. "त्याला वारा कळत न्हाई तर कुणाला कळणार? आडवं चल."

अरुणा मात्र पूर्वेकडे ओढत होती, रस्त्याकडे, कारखान्यांकडे. "आत्या, मला गेटवर सोडा. तुम्ही जा पुढं."

गिरजाबाईचं काळीजही त्याच दिशेला ओढत होतं, हे तिनं सांगितलं नाही. "तो काय म्हणाला असता, सांग. तू गेटवर उभी राहिलेली बघून त्याला बरं वाटलं असतं?"

"त्यांना काही झालं तर?"

"तर तुझ्या पोटात त्याचं आहे ते. चल."

असं कडू बोलणं तिला स्वतःलाच झोंबलं. पण अरुणा चालायला लागली.

दक्षिणेकडे बोनकोडं होतं, मध्ये भाताची रिकामी खाचरं आणि एक नाला. एरवी पंधरा मिनिटांची वाट. त्या दिवशी ती पंधरा कोस झाली असं भिमाबाई पुढं सांगायची, आणि दर वर्षी दोन कोस वाढवायची. डोळे उघडे ठेवले तर झोंबत होते, मिटले तर ठेच लागत होती. मागे कोणीतरी पोराला हाका मारत होतं. पदर वाळला की नाकातून आत सुरी गेल्यासारखं व्हायचं, मग बरोबर घेतलेल्या मडक्यातलं उरलंसुरलं पाणी पुन्हा वाटायचं.

नाल्याशी आल्यावर गिरजाबाई खाली उतरायला लागली. तिथून पलीकडे गेलं की बोनकोड्याची पहिली घरं, शंभर पावलं. बांधावरून जायचं म्हणजे केवढा मोठा वळसा.

"थांब," पुतळाबाई म्हणाली.

"अगं, पोरीला चालवत नाही."

"दिसत न्हाई का तुला? चष्मा पूस."

गिरजाबाईनं चष्मा पुसला. नाल्याच्या तळाशी, गवताच्या वर हातभर, पिवळसर काहीतरी निवांत पडलं होतं. धुक्यासारखं, पण धुकं नव्हे. एक कुत्रं पलीकडच्या काठावर आडवं पडलं होतं आणि त्याचे पाय हलत होते.

"म्हातारा काय म्हणाला? जड आहे, खाली बसतो," पुतळाबाई म्हणाली. "ही घळ म्हणजे त्याची गादीच की."

गिरजाबाईच्या तोंडाशी आलं होतं, मला शिकवू नको. सात वर्षांची सवय. तिनं तेही गिळलं. "बांधावरून," ती म्हणाली. अरुणाचा हात तिनं आपल्या गळ्यात टाकला आणि दोघींचं वजन घेऊन ती बांधावर चढली. अठ्ठावन्न वर्षांची बाई. गुडघ्यांतून आवाज येत होते.

बांधाच्या निम्म्यावर वास कमी झाला. मग एका वळणाला एकदम गेला, कोणी झाकण लावल्यासारखा. भिमाबाई तिथंच मटकन बसली आणि पोराच्या तोंडावरचं फडकं काढून त्याचा श्वास ऐकत राहिली. नऊही जणी आल्या होत्या. चारही पोरं.

बोनकोड्यात देवीच्या देवळाचा ओटा उंच होता. तिथं त्यांना बसवून गावातल्या चांगुणाबाईनं पाणी आणलं, गूळ आणला. "आमच्या देवलात चालंल ना तुमाला?" तिनं विचारलं. भिमाबाई म्हणाली, "बाई, आत्ता तर आम्हाला तुमचा गोठाबी चालला असता." अरुणाच्या पोटावर चांगुणाबाईनं हात ठेवला, बराच वेळ ठेवला. सगळ्या त्या हाताकडे बघत राहिल्या.

"लाथ मारली," ती म्हणाली. "चांगली मारली."

अरुणा रडायला लागली, तेव्हा गिरजाबाईनं ओल्या पदरानं तिचं तोंड पुसलं.

पण जयदेवची बातमी नव्हती. दहा वाजले, साडेदहा वाजले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रुग्णवाहिका एकामागून एक जात होत्या. कोणी सांगत होतं खाडीवर माणसं लोळतायत, कोणी सांगत होतं कारखान्यात दोन गेले, कोणी सांगत होतं वीस.

पुतळाबाई येऊन गिरजाबाईच्या शेजारी बसली. तिच्याकडे न बघता म्हणाली, "त्या मनमाडच्या चिठ्ठीवर काय होतं?"

"नोहाच्या तारवाची मापं. किती हात लांब, किती हात रुंद."

"आणि तू काय वाचलंस?"

"की हे घर वाळूवर आहे."

"का?"

गिरजाबाईनं मान खाली घातली. "त्याच्या आईनं माझ्या चहाला नाक मुरडलं होतं."

पुतळाबाई पदराचं ओलं टोक पिळत राहिली. एखादीनं शिव्या दिल्या असत्या तर गिरजाबाईला सोपं गेलं असतं.

"वैजूला तू सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "मी न्हाई सांगणार. तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं."

"सांगीन."

"आणि मी बी मूर्ख. पोराला एकदा भेटून यायचं, चार माणसांना विचारायचं, पोरीला विचारायचं. ते काही केलं न्हाई. डबा बोलला, झालं. मलाच बरं पडत होतं ते."

अकराच्या सुमाराला वारा पडला. मग हळूहळू तो फिरला, खाडीकडून यायला लागला. देवळापुढच्या पिंपळाची पानं उलटी झाली. गिरजाबाई उठली आणि पदर खोचू लागली.

"कुठं?" पुतळाबाईनं विचारलं.

"वारा फिरला. गॅस आता डोंगराकडे जाणार. मी जाऊन जयदेवला बघून येते."

"गॅस डोंगराकडे जाणार, आणि कारखाने कुठायत?"

गिरजाबाईनं पदर आणखी घट्ट खोचला.

"तू आत्ता गेलीस तर त्याच्या तोंडात जाणार," पुतळाबाई म्हणाली. "तो आत आहे का बाहेर आहे, तुला ठाऊक न्हाई. बाहेर असला तर तो इकडं तिकडं तुम्हालाच शोधत असणार. तू तिकडं, तो इकडं."

"माझा एकुलता एक आहे तो, पुतळे."

"म्हणूनच म्हणते. तुझं काळीज बोलतंय. त्याला बोलू दे, पण पाय त्याच्या ताब्यात देऊ नको. तासभर थांब. चांगुणाबाईचा पुतण्या सायकलवरून वाशीच्या दवाखान्यात जायला निघालाय, तो वैजूला विचारून येईल. तिथं नावं लिहून घेतायत. मग ठरवू."

गिरजाबाईनं अरुणाकडे बघितलं. अरुणा गेटवर जायला निघालेली पोर, ती तरी म्हणेल, जा. अरुणानं मान हलवली. "बसा, आत्या," ती म्हणाली, आणि ओट्यावर आपल्या शेजारची जागा हातानं झाडली.

तो तास कसा गेला ते विचारू नका. गिरजाबाईनं प्रार्थना केली म्हणावं, तर तिला एक वाक्य धड आठवत नव्हतं. नुसती बसून राहिली. ऊठ म्हणणाऱ्या पायांना दाबून बसून राहिली.

बाराला पाच-दहा मिनिटं असतील. रस्त्याकडून एक टेम्पो आला, मागे पाच-सहा माणसं. त्यातलं एक खाली उतरलं आणि ओट्याकडे चालायला लागलं. शर्ट चिखलानं भरलेला, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. अरुणा आधी उठली.

जयदेवला बोलता येत नव्हतं, नुसता खोकत होता. पाणी प्यायला तेव्हा तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. भोंगा झाल्यावर त्यांच्या कारखान्यातले सगळे मागच्या दारानं डोंगरावर चढले होते, वाऱ्याच्या पाठीमागे. वास ओसरल्यावर तो खाली आला, चाळीत गेला, घरी कोणी नाही, प्रार्थनेच्या खोलीत कोणी नाही. मग खाडीवर गेला. तिथं लोक चिखलात पडलेले, कोणी डोळे चोळतंय, कोणी ओकतंय. प्रत्येकाचं तोंड वर करून बघत गेला. बारक्या पोरांचीसुद्धा. शेवटी दादू भेटला. त्यानं सांगितलं, तुजी मानसं बोनकोड्याला गेली.

"मला वाटलं," तो म्हणाला, आणि त्यानं आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

बाया त्याच्याभोवती गोळा झाल्या. आपापल्या नवऱ्यांचं विचारून घेतलं. तीन जण डोंगरावर त्याच्याबरोबर होते, दोन वाशीला दवाखान्यात, टेम्पोतल्यांनी त्यांना बसून बोलताना बघितलं होतं. भिमाबाईचा नवरा दुसऱ्या पाळीचा होता; तो गर्दीबरोबर पळाला असेल असं ती धरून चालली होती, पण तो या सगळ्यात झोपूनच राहिला होता, दार-खिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन. त्याला काही झालं नव्हतं. भिमाबाईला हे कळल्यावर आनंद झाला की राग आला, ते तिलाही कळलं नाही.

"मग आता?" कोणीतरी विचारलं. "घरी जायचं का? रात्रीला इथं थांबायचं? का पोरीला वाशीला दाखवायचं आधी?"

सगळ्या बायांची तोंडं गिरजाबाईकडे वळली. सवयच ती. भिमाबाईनं तर हातसुद्धा जोडले.

गिरजाबाईच्या मनात उत्तर तयार होतं. चांगलं होतं, बरोबरही असेल. ते तिच्या दातांपर्यंत आलं.

"जयदेव, चाळीत वास कितपत आहे रे अजून?" तिनं विचारलं. "आणि चांगुणाबाई, तुम्ही पोट बघितलंत, तुम्हाला काय वाटतं? पुतळे, तू सांग. सगळ्या सांगा."

आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, एकीचं दुसरीला ऐकू जाईना, अर्धा तास गेला, गूळ संपला. आणि गिरजाबाई गप्प बसून ऐकत होती. विश्वास बसत नाही ना? पण बसली होती. त्या दिवशी तिथं असलेल्या कोणालाही विचारा.